अर्ध्या सेकंदाची शंका : वाचकांचे तंत्रज्ञानविषयक प्रश्न

या वेळच्या पत्रांत संगणक, गेम आणि आकाश अशा तिन्ही दिशांनी आलेले प्रश्न आहेत. वाचकांची नावे न देता गावाचा उल्लेख तेवढा ठेवला आहे. जिथे मी माझे मत मांडले आहे, तिथे ते मत असल्याचे स्पष्ट केले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा संगणक २०१६ साली घेतलेला असून त्यावर विंडोज १० आहे. विंडोज १० आता बंद झाले, त्यामुळे नवा संगणक घ्यावा लागेल, असे दुकानदार सांगतात. माझे काम लेखनापुरतेच आहे. शाळेच्या वार्षिकांकासाठी आणि स्वतःसाठी लिहिलेले पंधरा-वीस वर्षांचे लेखन जुन्या मराठी फॉन्टमध्ये याच संगणकावर आहे. मी काय करावे? — मिरज

आपल्या दुकानदारांचे अर्धे म्हणणे खरे आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा होत नाही. तो उद्याही सुरू होईल आणि आपण त्यावर लिहूही शकाल. फरक एवढाच, की या प्रणालीत यापुढे जी सुरक्षेची छिद्रे सापडतील, ती बुजवणारी अपडेट आपोआप येणार नाहीत. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकाला त्याने फारसे बिघडत नाही. जोडलेल्या संगणकाचा धोका मात्र महिन्यागणिक वाढत जातो.

दुकानदार नवा संगणक घ्यायला सांगतात याचे कारण असे, की ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने काही अटी घातल्या आहेत. मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था असावी लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१६ चा संगणक त्यात बसत नाही, मग तो कितीही चांगला चालत असो. सुरक्षेची अट घालण्यामागचा विचार मला समजतो, पण चालू स्थितीतील यंत्रे केवळ या अटीमुळे भंगारात जावीत हे मला पटत नाही. लेखन, ई-मेल आणि वाचन एवढे काम करणारा संगणक दहा वर्षांनी टाकून देण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. कंपनीच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. ही वाट सोपी आहे, पण तात्पुरती. दुसरी वाट लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीची, आणि आपल्यासाठी मी तिचीच शिफारस करीन. लिनक्स मिंट ही प्रणाली चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, तिची मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही, आणि लेखनासाठीचे लिब्रेऑफिस तिच्यासोबतच येते. शिवाय ती पेनड्राइव्हवरून सुरू करून, संगणकावरील काहीही न पुसता, चार दिवस वापरून पाहता येते. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. त्या खर्चात संगणकाचा वेग जेवढा वाढतो, तेवढा दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

मला खरी काळजी वाटली ती आपल्या पत्रातील 'जुन्या मराठी फॉन्टमध्ये' या शब्दांमुळे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये एक युक्ती वापरलेली असे. फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवले जात, आणि फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार दाखवी. म्हणजे मराठी ही फाईलमध्ये नसून फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली, की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच स्वीकारले होते, पण डीटीपीच्या व्यवसायात प्रत्येक फॉन्टनिर्मात्याची मांडणी वेगळी राहिली. त्यामुळे त्या काळातील किती वार्षिकांक, स्मरणिका आणि ग्रामपंचायतींची पत्रके आज कोणाच्यातरी हार्ड डिस्कवर वाचता न येणाऱ्या अवस्थेत पडून असतील, या विचाराने मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून प्रणाली बदलण्याआधी, तो फॉन्ट अजून दिसतो आहे तोवर, प्रत्येक फाईल पीडीएफ करून ठेवा. त्याने निदान पानाचे रूप सुरक्षित राहील. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि छापलेल्या प्रतीशी ताडून पाहा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असे; युनिकोडमध्ये हा क्रम बरोबर उलटा, म्हणजे उच्चाराप्रमाणे असतो. 'वार्षिक', 'कीर्ति', 'आर्थिक' यांसारख्या शब्दांत रूपांतरक हमखास अडखळतात ते यामुळेच. हे काम वेळखाऊ आहे, परंतु मुद्रितशोधनाची सवय असलेल्या शिक्षिकेपेक्षा ते अधिक चांगले कोण करू शकेल? तयार झालेला संग्रह दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यांतील एक जागा घराबाहेरची असू द्या.

प्रश्न : लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जगातला कोणीही बदल सुचवू शकतो. मग ते सुरक्षित आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे? मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. — कोल्हापूर

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही, कारण २०२४ मध्ये आपण म्हणता तसा प्रयत्न झाला आणि तो थोडक्यात फसला. त्याची हकीकत सविस्तर सांगतो, कारण माझे या विषयावरील मत तिच्यावरच आधारलेले आहे.

एक्सझेड हा माहितीचा आकार लहान करणारा एक छोटा कार्यक्रम आहे. तो जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतो, पण त्याचे नाव सहसा कोणाच्या ओठी नसते. लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ तो अनेक वर्षे, विनामोबदला, छंद म्हणून सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावाने एक व्यक्ती मदतीसाठी पुढे आली. तिने दिलेल्या दुरुस्त्या उपयुक्त होत्या. त्याच काळात इतर काही अपरिचित नावांनी कॉलिन यांच्यावर तगादा सुरू झाला, की काम फार मंद चालले आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. थकलेल्या माणसाने हळूहळू विश्वास टाकला आणि २०२३ पर्यंत नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार जिया टॅनकडे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि त्यापाठोपाठच्या ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली असेल, त्याला दूरवरून सर्व्हरमध्ये आज्ञा चालवता याव्यात, अशी ती रचना होती.

ती उघडकीला आणली अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आहेत. डेटाबेसचा वेग मोजण्यासाठी ते आपला संगणक शक्य तितका शांत करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की एसएसएच लॉगिनची, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची, प्रक्रिया गरजेपेक्षा जास्त प्रोसेसर खाते आहे. पूर्वी साधारण ०.३ सेकंदात होणारे लॉगिन आता ०.८ सेकंद घेत होते. अर्ध्या सेकंदाचा हा फरक दुसऱ्या कोणीही सोडून दिला असता. त्यांनी मागोवा काढला, तो एक्सझेडपर्यंत पोहोचला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळा प्रकार जाहीर केला. त्या आवृत्त्या तोवर डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या चाचणी शाखेत आणि फेडोरा या दुसऱ्या प्रकाराच्या पूर्वचाचणीत पोहोचल्या होत्या. बँका आणि शासकीय कार्यालये ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात, त्यांत त्या अजून उतरल्या नव्हत्या. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. मुक्त सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित होते असे मी म्हणणार नाही, कारण या प्रकरणात हजारो लोकांना तो कोड पाहण्याची मुभा होती आणि पाहिला मात्र एकानेच, तोही शंका आल्यानंतर. शिवाय चोरदरवाजाचा महत्त्वाचा भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फाईलींत दडवलेला होता आणि तो जागा करणारी आज्ञा फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. त्यामुळे नेहमीच्या जागी कोड वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. तरीही शंका आल्यावर फ्रॉइंड यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. ते आत जाऊन पाहू शकले आणि जे दिसले ते त्यांनी सर्वांपुढे ठेवले.

बंद सॉफ्टवेअर यापेक्षा सुरक्षित असते असे मानायलाही जागा नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका सकाळीत निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पुरेशी न तपासलेली एक फाईल प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचली होती, एवढेच.

या दोन घटना शेजारी ठेवल्या, की कोड मुक्त की बंद यापेक्षा तो सांभाळणाऱ्या माणसाला वेळ, मोबदला आणि सोबत मिळते का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार उभे आहेत, असे कितीतरी छोटे प्रकल्प आजही एक-दोन माणसे रात्री जागून चालवत आहेत. आपण विद्यार्थी आहात म्हणून सुचवतो : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आणखी एक हजेरीपटाचे ॲप तयार करण्याऐवजी, वापरात असलेला एखादा छोटा मुक्त प्रकल्प निवडा आणि त्याच्या चाचण्या लिहा. त्या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण सहा महिन्यांत आपण जे शिकाल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या माहितीसाठ्यात 'ॲ' ने सुरू होणारे शब्द शोधले, की निम्मेच सापडतात. हा सॉफ्टवेअरचा दोष आहे का? — पणजी

दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येणार नाही. कारण ऐतिहासिक आहे. मराठीतील ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोवर लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र जोडत असत, आणि अनेक कळफलकांवर ती सवय आजही चालू आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला मात्र एक अक्षर आणि दोन चिन्हांची जोडी या वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि युनिकोडचे नियमही त्यांना समान मानत नाहीत. साठ्यातील सर्व जुन्या जोड्या एकदाच नव्या अक्षरात बदलून घ्या आणि शोधपेटीतही तीच दुरुस्ती लावा. त्याच वेळी 'ऱ्य' ही तपासून पाहा. 'दर्या' आणि 'दऱ्या' किंवा 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्थाचाच फरक आहे, आणि तो 'र' ऐवजी 'ऱ' टंकल्यानेच साधतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी साठवलेल्या पैशांतून मोटार-शर्यतीचा एक गेम विकत घेतला होता. कंपनीने सर्व्हर बंद केले आणि आता तो एकट्यालाही खेळता येत नाही. कंपनीने उत्तर दिले, की मी गेम नव्हे तर केवळ परवाना घेतला होता. हे योग्य आहे का? — नाशिक

कायद्याच्या भाषेत कंपनीचे उत्तर बहुधा बरोबर असेल, कारण आपण 'मान्य आहे' वर टिचकी मारलेल्या करारात तसे लिहिलेले असते. योग्य आहे का, असे विचारलेत, तर माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे.

आपल्या अनुभवाशी मिळतेजुळते आणि जगभर गाजलेले प्रकरण 'द क्रू' या गेमचे आहे. युबिसॉफ्टने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. त्यात संपूर्ण अमेरिकेचा छोटा नकाशा होता आणि एकट्याने खेळण्याजोगी मोठी कथाही होती, पण प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि चकती हातात असलेल्यांसाठीही तो गेम संपला. त्यानंतर लगेच, एप्रिल २०२४ मध्ये, यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना दहा लाख सह्या जमवून एखादा विषय आयोगापुढे नेता येतो. मोहिमेने तो आकडा मुदत संपण्यापूर्वी, जुलै २०२५ मध्ये, ओलांडला.

मोहिमेची मागणी अनेकदा विपर्यस्त स्वरूपात सांगितली जाते, म्हणून ती नीट मांडतो. कंपनीने सर्व्हर कायमचे चालवावेत असे कोणी म्हणत नाही. आधार थांबवताना गेम खेळता येण्याजोग्या अवस्थेत सोडावा, म्हणजे एकट्याचा भाग जोडणीविना चालावा किंवा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर उभारता यावा, एवढेच म्हणणे आहे. यावर उद्योगाचा आक्षेप असा, की गेममध्ये इतर कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले घटक असतात, ते असे खुले करता येत नाहीत, आणि खासगी सर्व्हरवर काही गैरप्रकार झाले तर त्याची जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. आधीच तयार झालेल्या गेमच्या बाबतीत हा आक्षेप मला खरा वाटतो. पुढे तयार होणाऱ्या गेमच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण शेवट कसा करायचा हे आरंभीच ठरवले तर त्याप्रमाणे घटक निवडता येतात. 'नॉकआउट सिटी' या गेमच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये आपले सर्व्हर बंद करताना खासगी सर्व्हरवर चालणारी आवृत्ती दिली. 'डूम' हा १९९३ चा गेम आजही नवनव्या यंत्रांवर खेळला जातो, कारण त्याचा मूळ कोड १९९७ मध्ये खुला करण्यात आला.

खेळाडूंच्या पैशांपलीकडेही यात एक नुकसान आहे, आणि मला ते अधिक बोचते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. चित्रपटांचे सुरुवातीचे रिळे जपली नाहीत म्हणून आपण हळहळतो, आणि दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चा काही भागच आज उरला आहे. गेमच्या बाबतीत तीच चूक आपण जाणीवपूर्वक, करारावर सही करून, करत आहोत.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तूचा केवळ परवाना विकला जात असेल, तर ते विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगावे, अन्यथा 'विकत घ्या' असे शब्द वापरू नयेत, असे तो सांगतो. भारतातही असे व्हावे, असे माझे मत आहे. तोवर गेम घेण्यापूर्वी तो इंटरनेटविना सुरू होतो का, हे अवश्य पाहा. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानांत डिजिटल कुलूप नसलेल्या प्रती मिळतात. त्या उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवल्या, तर दुकान बंद पडले तरी खेळता येतात.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून तो मोबाइलवर संघाने खेळायचे गेम खेळतो. नव्या कायद्याने ते बेकायदा ठरले आहेत का? — लातूर

नाही. संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे, आणि हांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तर त्यासाठी पदकेही होती. खेळणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवण्याची तरतूद त्यात नाही. मुलाच्या गेममध्ये पैसे हरण्या-जिंकण्याचा भाग आहे का, एवढे त्याच्या शेजारी बसून एकदा पाहा. अभ्यासाच्या वेळेचा प्रश्न तेवढा घरातच सोडवावा लागेल.

प्रश्न : २०२५ च्या फेब्रुवारीत वाहिन्यांवर दाखवत होते, की २०३२ मध्ये मुंबईवर लघुग्रह आदळू शकतो. आधी शक्यता एक टक्का, मग तीन टक्के, आणि अचानक शून्य. शास्त्रज्ञ आकडे बदलतात तर विश्वास कसा ठेवायचा? — डोंबिवली

ही शंका अनेकांना आली होती, आणि ती रास्त आहे. आकडा वाढत जाऊन एकदम शून्याजवळ येणे हे गणित योग्य रीतीने चालल्याचेच लक्षण होते, हे मात्र त्या वेळी फार थोड्या ठिकाणी समजावून सांगितले गेले.

त्या लघुग्रहाचे नाव २०२४ वायआर४. चिलीमधील ॲटलास दुर्बिणीने तो २७ डिसेंबर २०२४ रोजी शोधला, म्हणजे पृथ्वीजवळून पुढे गेल्यानंतर दोन दिवसांनी. एखाद्या वस्तूची कक्षा थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून काढली, तर आठ वर्षांनंतरची तिची जागा एका बिंदूने सांगता येत नाही. ती एका लांबच लांब पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढेच सांगता येते. २२ डिसेंबर २०३२ साठी काढलेल्या त्या पट्ट्यात पृथ्वीही येत होती.

येथे एसटीचे उदाहरण घेऊ. गाडी दहा ते दोनच्या दरम्यान कधीतरी येईल एवढेच ठाऊक असेल, तर ती बारा ते सव्वाबारा या पंधरा मिनिटांत येण्याची शक्यता सोळात एक होते. मागच्या थांब्यावरून फोन आला, की ती साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान येईल, तर तीच शक्यता चारात एक होते. गाडीचा वेग बदललेला नाही, आपली माहिती तेवढी सुधारली. आणखी एक फोन आला, की ती साडेअकरा ते पावणेबारापर्यंत नक्की पोहोचते, तर बारा ते सव्वाबाराची शक्यता शून्य झाली. लघुग्रहाचे तेच झाले. निरीक्षणे वाढली तसा पट्टा आखडला. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर तिचा वाटा वाढत गेला आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजी नासाच्या गणिताप्रमाणे ३.१ टक्के झाला. त्यानंतर पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. २४ फेब्रुवारीपर्यंत आकडा ०.००४ टक्क्यांवर आला होता.

मुंबईविषयी जे सांगितले गेले, त्यात एक गंभीर चूक होती. लघुग्रह पृथ्वीवर आदळलाच, तर तो कोणत्या पट्टीत पडू शकेल हे काढले असता, ती पट्टी पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होती. मुंबई त्या पट्टीवर होती हे खरे. पण ३.१ टक्के ही संपूर्ण पृथ्वीची शक्यता होती. हजारो किलोमीटरच्या पट्टीतील एका शहराच्या वाट्याला तिचा अगदी लहान अंश येतो. वाहिन्यांनी पृथ्वीचा आकडा घेऊन त्याच्यापुढे मुंबईचे नाव जोडले. लाखो लोकांच्या घरांविषयी बोलताना एवढी बेफिकिरी दाखवणे मला अक्षम्य वाटते.

त्याच वेळी, दखल घेण्याजोगे काही नव्हते असेही मी म्हणणार नाही. वेब या अवकाशातील दुर्बिणीच्या मोजणीनुसार त्या लघुग्रहाचा व्यास सुमारे ६० मीटर आहे. १९०८ मध्ये सायबेरियातील तुंगुस्का येथे साधारण एवढ्याच आकाराच्या वस्तूच्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल आडवे झाले. २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड केवळ २० मीटरच्या आसपास होता, तरी खिडक्यांच्या काचांनी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्यांनी काठावर उभे राहून पाहिले आहे, त्यांना हा विषय परका वाटणार नाही. म्हणून असे दगड लवकर शोधणे आवश्यक आहे. लवकर सापडले तर उपायही करता येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट या यानाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याचा परिभ्रमणकाळ अर्ध्या तासाहून अधिक कमी केला होता.

प्रश्न : दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली, अशी बातमी एप्रिल २०२५ मध्ये आली होती. पुढे काय झाले? — नागपूर

के२-१८बी हा ग्रह आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब दुर्बिणीच्या साहाय्याने त्याच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका संयुगाच्या खुणा दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून तयार होतो, म्हणून ती बातमी झाली. त्यांच्या निष्कर्षाची खात्री तीन सिग्मा एवढी होती, म्हणजे केवळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता ०.३ टक्के. शोध म्हणून मान्यता मिळण्यासाठी पाच सिग्मा लागतात, आणि हे त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच सांगितले होते. त्यानंतर इतर गटांनी तीच निरीक्षणे वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा त्यांना त्या संयुगाचा पुरेसा पुरावा आढळला नाही. शिवाय ६७पी या धूमकेतूवरही, जिथे जीवसृष्टी असण्याचा प्रश्नच नाही, हे संयुग आढळलेले आहे. तेव्हा तो वायू निश्चितपणे सापडला, तरी जीवसृष्टी सिद्ध होत नाही. निर्णय व्हायचा तर वेब दुर्बिणीचे आणखी काही तास त्या ग्रहाला द्यावे लागतील.